फोल्डरवर बाण आले तो वैशाख

परीक्षा आटोपतात, कोपरच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या दारांना कुलपं लागतात, आणि दुपारी गल्लीत कुल्फीवाल्याच्या घंटेखेरीज आवाज उरत नाही, तेव्हा वैशाख आला असं समजावं. माझ्यासाठी मात्र या महिन्याची खूण एक वास आहे. तापलेल्या धुळीचा, किंचित करपलेला वास. कंप्युटरच्या डब्यामागचा छोटा पंखा उन्हाळ्यात गरम हवा बाहेर फेकायचा, तेव्हा तिच्याबरोबर तो यायचा. तो डबा भंगारात जाऊन सात-आठ वर्षं झाली. आता घरात पातळसा लॅपटॉप आहे, तिघाचौघांत मिळून एकच, आणि त्याला वास म्हणून काही नाही. तरी मे महिन्यात लॅपटॉपजवळून जाताना माझं नाक आपोआप सावध होतं.

यंदा तर वासाचीही गरज पडली नाही. गेल्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर गवार मोडत बसलो होतो. माझी मुलगी मैत्री, बारावीची परीक्षा संपवून मोकळी झालेली, समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. गेम विकत घेण्याचा, साठवण्याचा एक ऑनलाइन प्लॅटफॉर्म तिने आदल्याच दिवशी त्यावर उतरवला होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन वर सरकला.

"यार, हा अँटीव्हायरस परत नाटक करतोय," ती म्हणाली. "गेमची फाइलच उचलून आत टाकली त्याने. बाबा, तासभर बंद करून ठेवू का याला?"

"नको!"

मी इतक्या मोठ्याने म्हणालो की गवारीची शेंग हातातून उडाली.

"अरे बापरे. विचारलं फक्त."

खिडकीजवळ दिवाणावर माझे वडील पेपर वाचत होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, उठले, लॅपटॉपला लावलेली आपल्या फोनची वायर हळूच काढली आणि फोन खिशात टाकला.

"मी तुला सांगत होतो ना मैत्री, माझी वस्तू त्याला लावत जाऊ नको. माझ्यातून काहीतरी गेलं असेल त्यात."

"आजोबा, तुमच्या फोनमध्ये व्हायरस नाहीये. फक्त गुड मॉर्निंग आहेत."

ती हसली. अप्पाही हसले. फोन मात्र त्यांनी खिशातून बाहेर काढला नाही. ते परत दिवाणावर जाऊन बसले, लॅपटॉपपासून हातभर लांब.

'माझ्यातून काहीतरी गेलं असेल.' हे वाक्य अप्पा तेरा वर्षं बोलत आले आहेत. घरात सगळ्यांना ते त्यांच्या वयाचं वाक्य वाटतं. म्हातारी माणसं यंत्रांना घाबरतात, तसं काहीतरी. फक्त मला माहीत होतं की माझे वडील यंत्रांना घाबरणारे नाहीत. आयुष्यभर त्यांनी लेथ चालवला. हे वाक्य त्यांच्या तोंडात मी घातलं होतं.

तेरा वर्षांपूर्वीचा तो मे महिना. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सुजाता, माझी बायको, चार वर्षांच्या मैत्रीला घेऊन भुसावळला माहेरी गेली होती. घरात आम्ही दोघेच पुरुष. अप्पा सकाळी पिठलं टाकत, मी भात लावायचा. दोघांनाही पोळ्या येत नसत, आणि दोघेही ते एकमेकांना सांगत नसू. 'आज भातच बरा' एवढंच म्हणायचं.

अप्पा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. चौतीस वर्षं. ते बंद झालं, शेड पडली, तिथे काचांची इमारत उभी राहिली. योगायोग असा की तिथून दोन गल्ल्या सोडून एका औषधांच्या डब्यांच्या कंपनीत मी डिस्पॅचला आहे. कुठला ट्रक, कुठला माल, कुठल्या गावाला, हे दिवसभर कंप्युटरवर भरायचं काम. लहानपणी अप्पा घरी आले की त्यांच्या शर्टाला कूलंटचा, त्या दुधाळ पाण्याचा, वास असायचा. माझ्या शर्टाला कसलाच वास नाही, याचं तेव्हा मला उगाच वाईट वाटायचं.

आई गेल्यावर अप्पा फार गप्प झाले होते. मग एके दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी लिहायला घेतलं. लेथवर काम कसं करावं, याचं पुस्तक. साध्या मराठीत. आमच्या विहारात संध्याकाळी आयटीआयच्या पोरांसाठी ते फुकट वर्ग घेत, त्या पोरांना इंग्रजी पुस्तक कळत नसे. "धडा वाचतात, पाठ करतात, आणि मशीनसमोर लोंबत्या बाहीचा शर्ट घालून उभे राहतात," अप्पा वैतागून म्हणायचे. म्हणून पुस्तकाचं पहिलंच वाक्य होतं: 'मशीन सुरू करण्याआधी बाह्या दुमडा.' वाक्य लिहून झाल्यावर ते त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

कंप्युटर मीच त्यांना शिकवला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत ते टाइप करायचे. एक पान टाइप झालं, तपासून झालं, की हाताने लिहिलेला कागद फाडायचे. मीच तसं सांगितलं होतं. "कशाला पसारा ठेवता अप्पा? कंप्युटरमध्ये गेलं की कायमचं." त्यांच्या लिहिण्याच्या कागदांवर वजन म्हणून एक पितळी बुश असायचा, जाड नळीच्या तुकड्यासारखा, मुठीएवढा. त्याचं भोक मध्यावरून जरासं सरकलेलं होतं. तो त्यांच्याच हातून बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायला घेतलेला नग.

त्या बुशाची गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकलेली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये रीत होती. जॉब बिघडला तर ज्याच्या हातून बिघडला त्याने त्याच्यावर खडूने आपला टोकन नंबर लिहायचा आणि सुट्टीच्या भोंग्याआधी फोरमनच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवायचा. भंगाराच्या पिंपात गुपचूप टाकायचा नाही. फोरमन तो उचलायचा, फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "बरं. दुसरा लाव." बस. पगार कापणं नाही, शिव्या नाहीत. "पण ते टेबलापर्यंतचं चालणं असतं ना," अप्पा सांगायचे, "तेवढीच शिक्षा पुरे असते माणसाला." अप्पांचा नंबर दोनशे सतरा. खडू कधीच पुसला गेला, पण नंबर घरात सगळ्यांना पाठ होता.

त्या मे महिन्यात आमच्या कंप्युटरच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सकाळी आणि चार ते सहा अप्पा. सातला ते विहारात जायचे, नऊपर्यंत यायचे नाहीत, तेव्हा मी. उठताना अप्पा फडक्याने कीबोर्ड पुसायचे आणि दारातून मला म्हणायचे, "घे शिफ्ट. मशीन चालू हालतीत आहे." गंमत म्हणून म्हणायचे, पण पुसायचे मात्र मनापासून.

माझ्या शिफ्टमध्ये मी ट्रक चालवायचो. तेव्हाही तसाच एक प्लॅटफॉर्म होता, त्यावरून मी एक गेम घेतला होता. परदेशातले लांबच लांब रस्ते, मागे वीस टन माल, काचेवर बर्फ. दिवसभर ज्या ट्रकांचे नुसते नंबर भरायचे, त्यांतला एक संध्याकाळी माझ्या हाती असायचा. अंगावर बनियन, पाठीवरून घामाची धार, पंख्याचा घरघराट, आणि समोर पांढराशुभ्र घाट. चौतिसाव्या वर्षी हे सांगायला लाज वाटायची. म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुजाताला नाही आणि अप्पांना तर नाहीच. वडील चौसष्टाव्या वर्षी पुस्तक लिहीत होते, आणि मी खोटा ट्रक चालवत होतो.

अडचण एकच होती. आमचा कंप्युटर जुना, त्याचा जीव लहान. गेम एकेक फाइल उघडायचा आणि अँटीव्हायरस एकेक फाइल थांबवून तपासायचा. फाटकावरचा वॉचमन प्रत्येक पोत्यात हात घालून बघतो, तसा. ऐन वळणावर ट्रक अडखळायचा, पडदा गोठायचा आणि हलायला लागेपर्यंत मी दरीत गेलेलो असायचो. आधी मी अँटीव्हायरस तासाभरासाठी बंद करायला लागलो. मग रोज बंद करण्याचा कंटाळा आला. मग मला ती यादी सापडली, 'हे तपासू नका' अशी. तिच्यात फक्त गेमचा फोल्डर टाकायचा असतो. पण तो कुठे आहे हे शोधायचा मला आळस आला. डी ड्राइव्हवर आहे, एवढं माहीत होतं. मी अख्खा डी ड्राइव्ह त्या यादीत टाकला आणि वर चालू पहाराही कायमचा बंद करून ठेवला. डी ड्राइव्हवरच 'अप्पा' नावाचा फोल्डर होता.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलंच. "मिलिंद, कोपऱ्यातली ही ढाल लाल का झालीय रे?"

"काही नाही अप्पा. अपडेट मागतंय."

संध्याकाळी मी ती ढाल कोपऱ्यातून दिसेनाशी करून टाकली.

अप्पांच्या पुस्तकातली फार वाक्यं मला आठवत नाहीत. पण एक आठवतं, कारण त्यातलं जोडाक्षर त्यांना जमेना आणि ते मीच टाइप करून दिलं होतं. 'मशीनवरचा झाकणाचा गार्ड काढला असेल तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला सांगितल्याशिवाय जागा सोडू नका.' हे वाक्य मी माझ्या बोटांनी टाइप केलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात मी गार्ड काढला.

बुद्धपौर्णिमेला अप्पा ते पुस्तक छापून विहारात देणार होते. चार दिवस आधी ते अक्षराचा आकार बघायला म्हणून स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेले. तिथे एक नमुना पान काढलं. घरी येऊन पेनड्राइव्ह कंप्युटरला लावला. दुपारी मला ऑफिसात फोन आला.

"मिलिंद, कामात आहेस का?"

"बोला अप्पा."

"फोल्डरवर बाण आलेत."

"कसले बाण?"

"छोटे. वाकडे. प्रत्येक फोल्डरवर एकेक. उघडत नाहीयेत."

"तुम्ही काही दाबू नका हं."

"नाही दाबलं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, दोनदा दाबलं."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. अप्पांनी चहा करून झाकून ठेवला होता. मी खुर्चीत बसलो आणि बसल्या बसल्या मला सगळं कळलं. राखण चालू असती, तर पेनड्राइव्ह लावताक्षणी तिने तो अडवला असता. अप्पा माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"पेनड्राइव्ह त्या झेरॉक्सवाल्याकडे लावलेला ना?" मी विचारलं.

"हो."

"मग तिथूनच आला."

या वाक्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते बोलायला सोपं गेलं.

"म्हणजे मी आणला," अप्पा म्हणाले.

खरं तर तेव्हाच बोलायचं होतं. टेबल समोर होतं, खडू हातात होता. दोन पावलं चालायची होती फक्त.

"पण आपला तो अँटीव्हायरस होता ना? त्याने नाही अडवला?"

"नवीन असेल व्हायरस. कधी कधी नाही अडवत."

कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलवू या, असं अप्पा म्हणत होते. तो आला असता, तर पहिल्यांदा त्याने अँटीव्हायरस उघडला असता आणि अप्पांच्या देखत विचारलं असतं, 'हा बंद कुणी केला?' त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. "आता मुळापासून साफच करावं लागेल अप्पा," असं म्हणून मी डी ड्राइव्ह फॉरमॅट केला. पेनड्राइव्हही केला. पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. अप्पा ती पूर्ण भरेपर्यंत उभे होते.

"किती पानं होती?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"एकशे बारा," अप्पा म्हणाले. मग फडकं घेऊन त्यांनी कीबोर्ड पुसला.

आणि आठ दिवसांनी मी तोच गेम, त्याच ड्राइव्हवर पुन्हा उतरवला. हे लिहिताना आत्ताही मान खाली जाते. पण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

त्याआधी पौर्णिमा झाली. विहारात पांढऱ्या कपड्यांची गर्दी, मेणबत्त्यांचा आणि मोगऱ्याचा वास, भिंतीजवळ खिरीचं मोठं पातेलं. मी खीर वाढायला उभा होतो. वंदना झाली, मग अप्पा उठले. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"पुस्तक देतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "नाही देऊ शकत. जॉब माझ्या हातून बिघडला."

अप्पांचे वर्कशॉपमधले जुने दोस्त, गायकवाड काका, मागून ओरडले, "ओ दोनशे सतरा! मग दुसरा लावा की!"

सगळे हसले. अप्पाही हसले, मान हलवली. "आता हात बसत नाही गायकवाड," म्हणाले आणि खाली बसले.

माझ्या हातात डाव होता. समोरच्या बाईंच्या वाटीत मी खीर ओतत होतो, ती भरून सांडायला लागली तरी ओतत होतो. "अहो भाऊ, पुरे!" त्या म्हणाल्या. माझ्या नंबरचा जॉब अप्पांनी भर सभेत, स्वतःचा नंबर लिहून, टेबलावर नेऊन ठेवला होता.

त्या दिवसानंतर अप्पांनी कंप्युटरला हात लावला नाही. विहारातला वर्गही हळूहळू बंद झाला. फोनवर निरोप लिहायचा असला की ते मैत्रीला हाक मारत. "तुझ्या हाताने लिही गं, माझ्या नको."

गुन्हा एकदाच घडतो आणि मग जुना होत जातो, असं मला वाटायचं. तसं झालं नाही. दोन वर्षांनी आमच्या ऑफिसातल्या एका कंप्युटरवर तेच बाण आले. दिनेश नावाचा आमचा कंप्युटर सांभाळणारा माणूस आला, काळ्या चौकटीत एक ओळ टाइप केली, आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे परत आले. मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो.

"असे कसे आले?" मी विचारलं.

"गेलेच नव्हते ना सर. हा व्हायरस फायली खात नाही, लपवतो फक्त. लोक घाबरून फॉरमॅट मारतात, तिथे संपतं."

मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला. एकशे बारा पानं त्या दुपारी तिथेच होती. अप्पा माझ्या मागे उभे होते आणि पानं आमच्या दोघांच्या समोर होती.

पुढे जुना कंप्युटर भंगारात दिला, तेव्हा त्यातली हार्ड डिस्क तेवढी मी काढून घेतली. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ पुसलेला डेटा परत काढून देणारं एक दुकान होतं, तिथे नेली. दुकानदाराने एकच विचारलं, "फॉरमॅटनंतर याच्यावर काही टाकलं होतं का?" मी हो म्हणालो. काय टाकलं होतं ते सांगितलं नाही. तासाभराने तो म्हणाला, "नाही हो. त्याच जागेवर बसलंय दुसरं काहीतरी." मी डिस्क घरी आणली, स्टीलच्या डब्यात घातली आणि माळ्यावर ठेवून दिली.

तर त्या दिवशी, गवारीच्या शेंगा तशाच टाकून, मी मैत्रीच्या शेजारी जाऊन बसलो. अँटीव्हायरसने अडकवलेली फाइल सोडवली आणि तिला ती यादी दाखवली. तिच्या गेमचा फोल्डर शोधला आणि तेवढाच, त्याच्या बाहेरचं काही नाही, त्या यादीत टाकला. ढाल हिरवी राहिली. गेम चालू झाला.

"एवढंच होतं?" मैत्री म्हणाली.

"एवढंच."

दोन मिनिटं लागली होती. दिवाणावर अप्पा पेपर वाचत होते, फोन खिशात होता. तेरा वर्षांपूर्वीही दोनच मिनिटं लागली असती.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून डबा काढला. अप्पांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत खडूचे तुकडे अजून होते. मला नंबर नाही, म्हणून मी डिस्कवर माझं नाव लिहिलं. खोलीपासून दिवाणापर्यंत अकरा पावलं आहेत. अप्पा टेबलापर्यंतच्या चालण्याबद्दल सांगायचे, ते खरं होतं.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"जॉब. माझ्या हातून बिघडलेला."

मी सगळं क्रमाने सांगितलं. ट्रकचा गेम, ढाल, यादी, फॉरमॅट, दिनेश, टेंभी नाका. अप्पा डिस्क हातात फिरवत ऐकत होते. मग त्यांनी फोरमनने विचारावं तसं एकेक विचारलं.

"गार्ड तू काढलास."

"हो."

"शिफ्ट देताना सांगितलं नाहीस."

"नाही."

"आणि पानं आतच होती."

"हो."

स्वयंपाकघरात सुजाताचं लाटणं थांबलं होतं. अप्पांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला, मग सुलटा. बोटांची टोकं अजूनही काळसर आहेत त्यांची, चौतीस वर्षांच्या लोखंडाने.

"तेरा वर्षं मी या हाताला बोल लावला," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी चपला घातल्या.

"अप्पा, ऊन आहे."

"असू दे."

दार लागलं. सुजाता बाहेर आली. "मलासुद्धा तू झेरॉक्सवाल्याचंच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "तेरा वर्षं मी त्या दुकानाची पायरी चढले नाहीये, मिलिंद. त्या माणसाशी बोलत नाही मी." आणि वळून ती परत ओट्याशी गेली.

दोन दिवस अप्पा माझ्याशी थेट बोलले नाहीत. जे काय असेल ते मैत्रीमार्फत. "तुझ्या बापाला सांग, नळ गेलाय." मी शेजारीच उभा असायचो. मैत्री गंभीर चेहऱ्याने वळून म्हणायची, "बापा, नळ गेलाय." ती मधेच एकदा माझ्यापाशी आली आणि तिने हळूच विचारलं, "कुठल्या देशात चालवायचास रे ट्रक?" मला हसू येईना आणि रडूही येईना.

काल पौर्णिमा होती. सकाळी विहारातून आल्यावर अप्पा पांढरा, लांब बाह्यांचा सदरा तसाच अंगात ठेवून टेबलाशी आले. मी तिथे चहा पीत बसलो होतो. त्यांनी डिस्क माझ्यासमोर ठेवली. दोन दिवस ती त्यांच्या हातातच असावी, कारण खडूने लिहिलेल्या माझ्या नावातला फक्त 'मि' वाचता येत होता.

"बरं," अप्पा म्हणाले. "दुसरा लाव."

मी डिस्क उचलायला गेलो.

"ऐकू आलं का? लॅपटॉप लाव म्हणतोय. मैत्री, तुझी गाडी थांबव जरा, मला जागा हवीय."

"आजोबा, सेव्ह करू दे, दोन मिनिटं."

"कर, कर. सांगून उठ मात्र. मशीन कुठल्या हालतीत आहे ते."

"चालू हालतीत आहे," मैत्री उठत म्हणाली. "ढाल हिरवी आहे. माझा एक फोल्डर सोडून सगळीकडे पहारा आहे."

अप्पा खुर्चीत बसले. "ते पुस्तक काही परत यायचं नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ते चौसष्टाव्या वर्षीचं होतं. तेव्हाचं निम्मं विसरलोय. हे निराळं होईल." मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या, आधी उजवी, मग डावी, कोपरापर्यंत नीट दुमडल्या. पेटीतून कॅलेंडरचं एक पाठकोरं पान काढलं, त्यावर पेनाने एक ओळ लिहिली, आणि तिच्याकडे बघत बघत दोन बोटांनी अक्षरं शोधायला लागले. पहिल्या ओळीला पंधरा मिनिटं लागली. मैत्री मधे मधे अक्षर दाखवायची. मी नाही दाखवलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

ओळ झाली. अप्पांनी ती एकदा मोठ्याने वाचली, मी ती तीन ठिकाणी साठवून ठेवली आणि तिन्ही त्यांना उघडून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली. फडकं मागून घेतलं, कीबोर्ड पुसला. मग हाताने लिहिलेला तो कागद उचलून त्याची नीट घडी केली आणि पितळी बुशाखाली ठेवला.

या वेळी त्यांनी तो फाडला नाही.